सहकारी तत्त्वावरचं टेन्शन

1950 साली लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांनी, अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळांना सोबत घेऊन, सहकारी साखर कारखाना उभा केला. आशियातला पहिला. तेव्हापासून नगर जिल्ह्यात कुठलीच गोष्ट एकट्यानं करायची चाल उरलेली नाही. ऊस सहकारी, दूध सहकारी, पतसंस्था सहकारी; भांडायचं झालं तरी आधी पॅनल करावं लागतं. अशा मुलखात कॉलेजच्या परीक्षेचं टेन्शन तेवढं एकट्या विद्यार्थ्याच्या मालकीचं राहील, ही अपेक्षाच चुकीची. बाकावर बसून पेपर लिहितो एकच जण. पण त्याच्या टेन्शनचे सभासद मोजायला गेलं तर आई, वडील, आजी, दोन चुलते, पुण्याला दिलेली आत्या, चौकातला झेरॉक्सवाला, रोजच्या गाडीचा कंडक्टर आणि ज्यांचा मुलगा मागच्याच वर्षी डिस्टिंक्शनमध्ये निघाला असे शेजारचे तात्या, एवढे तरी भरतात. सभेत बोलायचा हक्क सगळ्यांना. तोटा मात्र एकट्याच्या नावावर.

हंगामही नेमका जुळतो. दिवाळीच्या आगेमागे कारखान्यांचे बॉयलर पेटतात, गव्हाणीत मोळी पडते आणि तिकडे पुणे विद्यापीठाच्या पहिल्या सत्राचं वेळापत्रक लागतं. ऊन तापून गाळप संपत आलं की दुसऱ्या सत्राचं. पुणे, नगर आणि नाशिक हे तीन जिल्हे या विद्यापीठाच्या हाताखाली येतात. 1949 साली स्थापन झालेल्या विद्यापीठाला 2014 साली सावित्रीबाई फुल्यांचं नाव मिळालं, आणि 2024 साली जिल्ह्याचंही नाव अहिल्यानगर झालं. त्यामुळे वडिलांचं मार्कशीट आणि मुलीचं मार्कशीट शेजारी ठेवलं तर विद्यापीठ वेगळं दिसतं, जिल्हा वेगळा दिसतो. इंग्रजीचे मार्क तेवढे सारखे.

घरातलं टेन्शन कसं तयार होतं, ते जवळून पाहण्यासारखं असतं. पेपर आठ दिवसांवर आला की टीव्हीचा आवाज कमी होतो. चार दिवसांवर आला की टीव्ही बंद होतो, आणि मग घरातल्या सगळ्यांना पाहायला एकच गोष्ट उरते: अभ्यास करणारा मुलगा. आजोबा फोनवर बोलायला अंगणात जातात आणि "पोराचा अभ्यास चाललाय, हळू बोल" हे इतक्या मोठ्यानं सांगतात की पलीकडच्या वस्तीवरची माणसंसुद्धा हळू बोलायला लागतात. आई दर अर्ध्या तासानं काहीतरी खायला आणते. वाटीभर शेंगदाणे, मग चहा, मग "नुसतं लिंबू-पाणी घे." ती येते तेव्हा मुलगा पुस्तकाकडे पाहतो, ती गेली की मोबाइलकडे. दोघांनाही हे माहीत असतं. दारात येताना तिच्या बांगड्या जरा जास्तच वाजतात, त्याला वेळ मिळावा म्हणून.

मग आत्याचा फोन. "टेन्शन घेऊ नको हां. अजिबात घेऊ नको. आमच्या दिराच्या पोरानं घेतलं होतं, त्याचं वर्ष गेलं."

तोपर्यंत त्यानं घेतलेलं नसतं.

जिल्हा क्षेत्रफळानं महाराष्ट्रात सगळ्यात मोठा, 17 हजार चौरस किलोमीटरच्या वर, 14 तालुक्यांचा. परीक्षा केंद्र गाठणं हाच अनेकांचा पहिला पेपर असतो. एसटीची पहिली गाडी 1 जून 1948 रोजी धावली ती पुणे-नगर मार्गावरच, त्यामुळे एसटीशी या जिल्ह्याचं नातं थोरल्या लेकीसारखं आहे: माया खूप, तक्रारीही तितक्याच. विद्यार्थ्यांना मासिक पासावर दोन तृतीयांश सवलत मिळते. बारावीपर्यंतच्या मुलींचा पास मोफत, आणि त्या योजनेला नाव चौंडीत, म्हणजे याच जिल्ह्यातल्या जामखेड तालुक्यात, जन्मलेल्या अहिल्यादेवींचं. सवलत भाड्यात आहे. वेळात नाही. सकाळच्या पेपरला पाथर्डीहून किंवा कर्जतहून निघालेली गाडी वेळेवर सुटते, निम्मं अंतर वेळेवर कापते आणि मग तिच्यापुढे उसाच्या दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर येतो. ट्रॅक्टरवर गाणी चालू, मागे लाल फडकं, रस्ता एकेरी. गाडीतल्या शेवटच्या बाकावर एक मुलगी अर्थशास्त्राच्या नोट्स मांडीवर घेऊन 'मागणीची लवचिकता' पाठ करते आहे. खिडकीतून उसाचं एखादं वाढं आत येतं, पान उलटवून जातं. कंडक्टर तिकिटांच्या गर्दीतून वाट काढत येतो, पासाकडे न बघता विचारतो, "आज कुठला?" ती सांगते. "अवघड असतो का?" ती म्हणते, हो. तो मागे वळून ड्रायव्हरला ओरडतो, "घ्या जरा दाबून, अवघड पेपर हाय." आता चाळीस प्रवाशांना तिच्या पेपरची काळजी. माळीवाड्याला उतरताना एक अनोळखी आजी तिच्या डोक्यावरून हात फिरवते. सभासदसंख्या एकदम वाढलेली असते.

केंद्रावर पोचल्यावर बैठक क्रमांकाचा फलक. बैठकव्यवस्थेचा कागद एकच असतो आणि तो कायम अशा उंचीवर लावलेला असतो की बुटक्याला दिसत नाही आणि उंचाला वाकावं लागतं. आपला नंबर सापडेपर्यंत प्रत्येक जण मनातल्या मनात हॉल तिकीट घरी राहिलं, विषय चुकीचा भरला, पेपर कालच झाला, या तिन्ही शक्यतांतून जाऊन येतो. नंबर सापडला की आनंद एवढा होतो की काही जणांना तिथेच पास झाल्यासारखं वाटतं.

पण त्याआधी झेरॉक्सचं दुकान. परीक्षेच्या काळात या जिल्ह्यातलं खरं विद्यापीठ तिथे भरतं. कुलगुरू म्हणजे मशिनवर उभा असलेला, शर्टाच्या खिशावर टोनरचा डाग असलेला माणूस. त्याला कुठल्याही प्राध्यापकापेक्षा जास्त ठाऊक असतं, कारण गेल्या दहा वर्षांत कुठल्या विषयाच्या कुठल्या पानावर काच जास्त झिजली ते त्यानं पाहिलेलं असतं. "टीवायचं ऑडिटिंग? शेवटचे दोन चॅप्टर घे. पहिले दोन कोणी घेत नाही." पोरं शेवटचे दोन घेतात. पेपरात पहिले दोन येतात. पुढच्या सत्रात पोरं पुन्हा त्याच्याकडेच. बोर्डाच्या परीक्षेला केंद्राजवळची झेरॉक्सची दुकानं बंद ठेवायचे आदेश निघतात आणि गैरप्रकारांविरुद्ध महाराष्ट्रात 1982 पासून स्वतंत्र कायदा आहे, तरी अक्षर बारीक करून छापायची कला काही मेलेली नाही. त्यातली गंमत अशी की चिठ्ठी नीट बनवायची तर धडा वाचावा लागतो, त्यातलं महत्त्वाचं निवडावं लागतं, ते स्वतःच्या हातानं लहान करून लिहावं लागतं. एवढं केल्यावर ती चिठ्ठी खिशातून काढायची गरजच उरत नाही. म्हणून तर कष्टाळू कॉपीबहाद्दर पास होतात आणि मिनी झेरॉक्स विकत घेणारे आळशी नापास.

इंजिनिअरिंगवाल्यांचं दुःख वेगळं आणि भाषाही वेगळी. लोणी, कोपरगाव, संगमनेर, विळद घाट, कुठल्याही हॉस्टेलवर रात्री कान द्या. "एम थ्री निघालं का?" "क्रिटिकल आहे." "वाय.डी. बसला तर?" एम थ्री म्हणजे गणिताचा तिसरा पेपर, वाय.डी. म्हणजे वर्ष गेलं. सत्राच्या मधली 30 मार्कांची परीक्षा आणि शेवटची 70 ची, असा हिशेब. त्यांपैकी 30 मध्ये किती पडले हे कळल्यावर 70 मध्ये किती हवेत याचं गणित जो तो इतकं अचूक मांडतो की एम थ्रीच्या पेपरात तेवढंच केलं असतं तर प्रश्नच मिटला असता. त्यात सबमिशन. ज्या जर्नलवर सही हवी ते जर्नल लिहिलेलं नाही, ज्या सरांची सही हवी ते सर रजेवर, आणि ज्या मित्राचं जर्नल बघून लिहायचं त्यानंही ते दुसऱ्याचं बघून लिहिलेलं, त्यामुळे एकच चुकीचं रीडिंग अख्ख्या बॅचला. सहकार असावा तर असा.

अलीकडे कॉलेजंही जागी झाली आहेत. परीक्षेच्या तोंडावर 'ताणतणाव व्यवस्थापन' या विषयावर व्याख्यान ठेवलं जातं. पाहुणे, शाल, श्रीफळ, दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय; मूळ व्याख्यान सुरू होईपर्यंत श्रोत्यांचा सकाळचा अभ्यास बुडालेला असतो. हजेरी सक्तीची. "जे येणार नाहीत त्यांची नावं डिफॉल्टर लिस्टला" ही नोटीस वाचून ज्यांना टेन्शन नव्हतं त्यांनाही येतं. मग पाहुणे डोळे मिटायला सांगतात, दीर्घ श्वास घ्यायला सांगतात. मागच्या दोन रांगांत तेवढ्यात दोघांना गाढ झोप लागते. आठवडाभरातली ती पहिलीच नीट झोप, म्हणजे कार्यक्रम वाया गेला असं म्हणता येत नाही.

खरं तर या विषयावर शास्त्रानं बरंच काही शोधून ठेवलंय आणि त्यातलं पुष्कळसं नगरच्या कट्ट्यावर आधीच चालू आहे, फक्त उलट्या क्रमानं. 1908 साली अमेरिकेत रॉबर्ट यर्क्स आणि जॉन डॉडसन या दोघांनी उंदरांना काळी आणि पांढरी पेटी ओळखायला शिकवलं. चुकलं की विजेचा झटका. काम सोपं असेल तर झटका वाढवला की उंदीर लवकर शिकत. काम अवघड केलं तर मात्र जोरदार झटक्यानं उंदीर बावचळत, मध्यम झटक्यानं सगळ्यात चांगले शिकत. म्हणजे थोडं टेन्शन लागतंच. अजिबात नसेल तर उंदीर आणि बी.कॉम.चा मुलगा, दोघंही पेटीत आरामात बसून राहतात. प्रश्न मात्रेचा आहे, आणि सहकारी पद्धतीत मात्रा ठरवणार कोण? वडील आपला मध्यम झटका देतात, चुलते आपला, तात्या आपला. बेरीज कोणी करत नाही.

वाचनाचंही तसंच. 2006 साली हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. एका गटानं तो चार वेळा वाचला. दुसऱ्यानं एकदाच वाचला आणि मग तीनदा न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तर चारदा वाचणारे पुढे. आठवड्यानं विचारलं तर त्यांना सुमारे 40 टक्के आठवत होतं, आणि आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे 61 टक्के. यातला खरा विनोद पुढेच आहे: आपल्याच जास्त लक्षात राहील, अशी खात्री चारदा वाचणाऱ्यांना जास्त होती. हे दृश्य नगरच्या कुठल्याही अभ्यासिकेत पाहायला मिळतं. पिवळा हायलायटर घेऊन बसलेला मुलगा पान वाचतो, रंगवतो, पुन्हा वाचतो, उरलेलंही रंगवतो. शेवटी अख्खं पान पिवळं झालं की समाधानानं पुस्तक मिटतो. त्याच वेळी बाहेर टपरीवर दोघं जण कटिंग घेत एकमेकांना विचारत असतात, "सांग, जीएसटीचे प्रकार किती?" "चार." "नावं सांग." "तीनच आठवतात." "मग चहाचे पैसे तू दे." घरच्यांच्या नजरेत पहिला अभ्यासू आणि दुसरे दोघं उनाड. रोडिगरसाहेबांनी टपरीवर उधारीचं खातं उघडलं असतं.

शिकागोतल्या दोन संशोधकांनी, रामिरेझ आणि बायलॉक यांनी, 2011 साली आणखी एक गोष्ट दाखवली. परीक्षेच्या आधी दहा मिनिटं मनातली भीती कागदावर उतरवून काढली, तर घाबरट विद्यार्थ्यांचेही मार्क सुधारतात. आपल्याकडेही परीक्षेच्या आधी दहा मिनिटं असतात. त्यात हॉलबाहेर कोणीतरी धावत येऊन विचारतो, "अरे, ते सहाव्या युनिटमधलं डेरिव्हेशन केलं का? शंभर टक्के येणार आहे!" सहावं युनिट आहे हेच ज्याला आत्ता कळलं, त्याच्या मनातली भीती कागदावर मावणारी नसते.

हे सगळं हसण्यावारी न्यायचं, पण झोप आणि जेवण जागेवर आहे तोवरच. ज्या पोराची झोपच उडाली, ज्याला सगळं संपल्यासारखं वाटायला लागलं, त्याच्यासाठी 14416 हा टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर ऑक्टोबर 2022 पासून चालू आहे. चोवीस तास, फुकट, मराठीतूनही बोलता येतं. आणि तिथे फोन उचलणारं माणूस "तात्यांच्या पोराला किती पडले?" असं विचारत नाही.

आवाज हा स्वतंत्र अध्याय. दक्षिण कोरियात नोव्हेंबरमध्ये विद्यापीठ प्रवेशाची मोठी परीक्षा असते. त्या दिवशी इंग्रजी ऐकून उत्तरं लिहायचा भाग चालू असताना अर्ध्या तासाहून जास्त वेळ देशभर विमानांचं चढणं-उतरणं थांबवतात, आणि उशीर झालेल्या मुलांना पोलीस गाडीतून केंद्रावर पोचवतात. आपल्याकडे विमानांचा प्रश्न नाही. एप्रिल-मे म्हणजे लग्नसराई आणि दुसऱ्या सत्राची परीक्षा एकदमच. रात्री 10 नंतर ध्वनिक्षेपक लावू नये, असा नियम 2000 सालापासून आहे. हळदीच्या रात्री डीजेवाल्याच्या घड्याळात 10 वाजतच नाहीत. गंमत म्हणजे तारीख काढायच्या बैठकीत तेच चुलते सगळ्यात पुढे असतात, जे मघाशी अभ्यासासाठी आपला झटका देत होते. "पेपर सोमवारी ना? लग्न रविवारी हाय. नुसतं तोंड दाखवून ये." तोंड दाखवायला गेलेल्या मुलाच्या हातात वाढपाची बादली येते आणि तिसऱ्या पंगतीपर्यंत सुटत नाही. लग्न नसेल तर गावात सप्ताह. कर्णा नेमका त्याच्या खिडकीकडे तोंड करून बांधलेला, आणि कीर्तनकार महाराज रंगात येऊन सांगतात की आजकालची पोरं अभ्यास सोडून मोबाइलवर असतात. आत पोरगा कानात बोळे घालून खरंच अभ्यास करत असतो. महाराजांचं तेवढं वाक्य बोळ्यातूनही आत येतं. टाळ्याही.

देवांच्या बाबतीत मात्र जिल्हा संपन्न आहे. परीक्षेसाठी नवस कुठे करावा, याला इथे खरोखर पर्याय आहेत. कर्जत तालुक्यातलं सिद्धटेक अष्टविनायकांपैकी एक; मधु-कैटभ या असुरांशी लढताना विष्णूला यश येईना, तेव्हा त्यानं इथे गणपतीची आराधना केली, अशी कथा. खुद्द विष्णूला पहिल्या प्रयत्नात जमलं नाही हे ऐकून एटीकेटीवाल्यांना केवढा धीर येतो! शिवाय इथली पुरती प्रदक्षिणा म्हणजे अख्ख्या टेकडीला वळसा. तेवढं चालल्यावर रात्री आपोआप झोप लागते, आणि परीक्षेच्या आदल्या रात्रीची झोप हा कुठल्याच शास्त्रानं न नाकारलेला उपाय. नगर शहरात माळीवाड्याचा विशाल गणपती आहे. बसस्थानकाजवळ असल्यानं सकाळच्या गाडीनं आलेल्यांना सोयीचा. शनिवारी पेपर असला की शिंगणापूरची आठवण होते. त्या गावातल्या घरांना दारं नाहीत हे जगजाहीर आहे, 2011 साली तिथे युको बँकेनं बिनकुलपाची शाखासुद्धा काढली. त्यामुळे "मी खोलीत कडी लावून अभ्यास करत होतो" ही सबब शिंगणापूरच्या विद्यार्थ्याला जन्मात मिळालेली नाही.

थोरांचे दाखले देण्यातही हा जिल्हा पालकांना कमी पडत नाही. नेवाशात ज्ञानेश्वरांनी शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली, ज्ञानेश्वरी सांगितली. ज्या खांबाला टेकून सांगितली तो पैस खांब आजही आहे. "ते तुझ्यापेक्षा लहान होते, आणि तुझं एक प्रॅक्टिकलचं जर्नल पुरं होईना!" यावर मुलापाशी उत्तर नसतं. पण हुशार मुलगा किल्ल्याकडे बोट दाखवतो. ऑगस्ट 1942 मध्ये काँग्रेसचे बारा नेते नगरच्या किल्ल्यात आणून ठेवले होते, त्यांत पंडित नेहरूही. तिथेच त्यांनी 1944 मध्ये पाच महिन्यांत 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहून काढलं. ना मोबाइल, ना लग्न, ना "पेपर कधी हाय?" म्हणणारे चुलते, अभ्यासाला इतकी चांगली जागा जिल्ह्यात पुन्हा झाली नाही. आणि मुद्दा पुढे आहे: केंब्रिजला 1910 साली पदवी घेताना नेहरूंना मिळाला होता सेकंड क्लास. हे ऐकून वडील जरा गप्प होतात. मग म्हणतात, "ते पंतप्रधान झाले. तू आधी सेकंड क्लास तर आण."

एक वर्ष असंही आलं, की सगळी गणितंच फिरली. 2020 मध्ये टाळेबंदी लागली, खालच्या वर्गांना परीक्षेविना पुढे ढकललं आणि अंतिम वर्षाचं काय करायचं यावर राज्य सरकार आणि विद्यापीठ अनुदान आयोग यांचं जुंपलं. 28 ऑगस्ट 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की अंतिम वर्षाची परीक्षा घ्यावीच लागेल. देशाच्या सर्वोच्च न्यायालयात आपल्या पेपरावर वाद चाललाय, वकील उभे आहेत, न्यायमूर्ती तारखा देताहेत. टेन्शनच्या इतिहासात सभासदसंख्या एवढी कधी वाढली नव्हती. पेपर आले बहुपर्यायी, मोबाइलवर. एका घरात एक फोन आणि परीक्षार्थी दोन असले की पहिला पेपर घरातच. आजोबांना शेवटपर्यंत पटलं नाही की पोरगं फोन घेऊन बसलंय ते परीक्षा देतंय.

पेपर सुटला की बाहेर दोन जाती दिसतात. एक लगेच प्रश्नपत्रिका उघडून उत्तरं जुळवत बसणारी. तिच्या तोंडून बाहेर पडणारा प्रत्येक आकडा ऐकणाऱ्याचे दोन मार्क कमी करतो. दुसरी थेट वडापावच्या गाडीकडे. ही दुसरी जात दीर्घायुषी. मात्र घरी पोचल्यावर दोघांनाही एकच प्रश्न: "कसा गेला?" 'चांगला' म्हणावं तर निकालाच्या दिवशी पकडलं जाण्याची भीती, 'अवघड' म्हणावं तर आजच सभा. नगरजवळच्या अरणगावला मेहेरबाबांनी 10 जुलै 1925 रोजी मौन धरलं आणि 1969 साली देह ठेवेपर्यंत, जवळजवळ 44 वर्षं, ते सोडलं नाही. पेपरहून घरी आलेल्या मुलाला एवढ्या मोठ्या मौनाची गरज नसते. निकालापर्यंत पुरेसं.

तो निकाल मात्र सबुरी पाहतो. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, 2016 सांगतो की परीक्षा संपल्यावर 30 दिवसांत निकाल लावावा, फार तर 45 दिवसांत. आणि शिर्डी याच जिल्ह्यात असल्यानं श्रद्धा आणि सबुरी हे दोन शब्द रिक्षांच्या मागच्या काचांवर, दुकानांच्या पाट्यांवर इथल्या पोरांनी लहानपणापासून वाचलेले असतात. श्रद्धा कायद्यावर ठेवायची, सबुरी स्वतःपाशी. निकाल लागल्याची बातमी विद्यापीठाच्या आधी व्हॉट्सअॅपवर येते. साइट उघडत नाही. गोल फिरत राहतं. पुण्याला असलेल्या आत्येभावाला नंबर पाठवला जातो, कारण पुण्यात बसून साइट लवकर उघडते असा जिल्हाभर समज आहे. तोही रिफ्रेश करत बसतो. तेवढ्यात तात्या सहज फिरत फिरत अंगणात येतात.

मग उघडतं. सहापैकी चार विषय निघालेत, दोन राहिलेत. एटीकेटी. आई विचारते म्हणजे काय. मुलगा सांगायचा प्रयत्न करतो: "नापास नाही आई. पुढच्या वर्षात जाता येतं, पण हे दोन मागचे परत द्यायचे." वडील कपाळाला आठ्या घालून ऐकतात. चुलत्यांना उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी मागवायची घाई झालेली असते, तात्यांना आपल्या पोराच्या मार्कांचं सांगायची. पण गावच्या सोसायटीत तीस वर्षं सभासद असलेले, दर मार्चअखेर उसनवारी करून जुनं पीककर्ज भरणारे आणि चार दिवसांनी नवं उचलणारे आजोबा मात्र एका झटक्यात समजतात.

"आरं, नापास कुठं झालाय," ते सगळ्यांना गप्प करत म्हणतात. "जुनं-नवं केलंय त्यानं."